एदेन बागेत देवाने ते झाड लावलंच कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. देव सर्वज्ञ आहे, आदाम आणि हव्वा फळ खाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, तरी त्याने बागेच्या मध्यावर बरंवाईट जाणण्याचं झाड लावलं, वर खाऊ नका म्हणून बजावलं, आणि खाल्लं तेव्हा हाकलून दिलं. लहान पोरासमोर लाडवाचा डबा उघडा ठेवायचा आणि हात घातला की घराबाहेर काढायचं, याला फ्री विल, म्हणजे इच्छेची मोकळीक, म्हणतात का? शिवाय त्यांना बरंवाईट कळतच नव्हतं तर दोष कसला? आणि त्यांनी खाल्लं तर आम्ही का भोगायचं?

मी बरीच वर्षं जुना करार शिकवतेय, मुख्यतः मराठीतून, पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना आणि मंडळीतल्या मोठ्या माणसांना, आणि हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. विश्वासातला माणूस तो दबकत विचारतो, बाहेरचा ठणकावून विचारतो, प्रश्न तोच. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मजकुरात काय आहे आणि काय नाही ते बघू, कारण आपल्या डोक्यात जी गोष्ट असते ती अर्धी चित्रांतून आणि प्रवचनांतून आलेली असते. बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, दुसरा आणि तिसरा अध्याय मिळून फक्त 49 वचनं आहेत. त्यात सफरचंद नाही. फळ कुठलं ते सांगितलेलंच नाही, तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, द्राक्ष, अंजीर की गहू यावर वाद घालतात, सफरचंद युरोपातून आलं. त्यात सैतानही नाही, फक्त साप आहे, आणि तोही देवाने केलेल्या जनावरांपैकीच एक, सगळ्यांत धूर्त. साप म्हणजे सैतान ही जोडणी नंतरची, शलमोनाचा ज्ञानग्रंथ म्हणून जे पुस्तक आहे त्यात म्हटलंय की सैतानाच्या मत्सरामुळे जगात मरण आलं, आणि मग बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात 'तो जुनाट साप' येतो. आणि तिसरी गंमत म्हणजे 'पाप' हा शब्द तिसऱ्या अध्यायात एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदाम-हव्वेच्या थोरल्या मुलाच्या, काइनाच्या गोष्टीत, तिथे मी शेवटी येते कारण माझ्या मते तुमच्या फ्री विलच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

मराठीत ही गोष्ट छापील रूपात चारशे वर्षांहून जुनी आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, ओवीबद्ध, आणि त्यातलं पहिलं पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे ही कथा आली तीच मुळी युरोपातल्या चर्चने हजार-बाराशे वर्षं चघळून, पचवून, तिच्यावर सिद्धांतांची पुटं चढवून झाल्यावर. म्हणून तुम्ही जेव्हा 'देवाने ट्रॅप लावला' म्हणता तेव्हा तुम्ही कथेशी भांडताय की त्या पुटांशी, हे आधी बघावं लागतं.

आता आज्ञा. देव पहिलं वाक्य काय बोलतो? बागेतल्या वाटेल त्या झाडाचं फळ खुशाल खा. बंदी त्यानंतर येते, एकाच झाडापुरती. आणि हे नीट बघा, बागेत जीवनाचं झाडही आहे आणि त्यावर बंदी नाही! अमर व्हायचं झाड मोकळं सोडलंय आणि कोणी तिकडे फिरकतही नाही, सगळी गोष्ट त्या दुसऱ्या झाडाभोवती फिरते. लाडवाचा डबा इथे मला लागू वाटत नाही तो यासाठी, डब्याच्या उदाहरणात पोर भुकेलं आहे आणि समोर एकच डबा आहे, इथे सगळं घर उघडं आहे. ऑगस्टीन या बिशपने, पाश्चात्य चर्चच्या मोठ्या विचारवंताने, हाच मुद्दा पाचव्या शतकात मांडला की इतकी रेलचेल असताना इतकी सोपी आज्ञा, म्हणून ती मोडणं जास्त गंभीर. मला त्याचा हा मुद्दा पटतो, त्याचं पुढचं सगळं नाही पटत.

पण देवाला मी एवढ्यावर सोडत नाही. आज्ञेचं कारण तो सांगत नाही. परिणाम सांगतो, खाशील त्या दिवशी मरशील, पण का खायचं नाही हे नाही. आता यावर पारंपरिक उत्तर असं की कारण दिलं असतं तर आदामने कारण पटलं म्हणून ऐकलं असतं, सांगणाऱ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. ठीक आहे, लॉजिक म्हणून बरोबर आहे, पण याचा गैरवापर किती होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. व्यासपीठावरून सांगतात बघा, आदामने प्रश्न विचारले असते तर, आज्ञाधारक माणूस प्रश्न विचारत नाही वगैरे. साफ चूक. याच उत्पत्तीच्या पुस्तकात अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान असतील तर, पंचेचाळीस असतील तर, असं करत करत दहावर आणतो आणि देव प्रत्येक वेळी हो म्हणतो, रागावत नाही. दुःखाने होरपळलेला ईयोब तर देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो आणि शेवटी देव त्याच्या उपदेशक मित्रांना झापतो, तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत म्हणून. तेव्हा बायबलमध्ये आज्ञापालन म्हणजे तोंड मिटून बसणं असा अर्थ काढायला जागा नाही. उलट एदेनमध्ये कोणीच देवाला काही विचारत नाही हाच घोटाळा आहे. हव्वेला शंका आली, रास्त शंका आली असं धरू, देव संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरायला येणाराच होता की, त्याला विचारता आलं असतं. ती सापाकडून उत्तर घेते.

इथे एक तुलना सांगते, वर्गात हमखास सगळे ताठ बसतात. मेसोपोटेमियात अडापा नावाच्या ऋषीची कथा होती, त्याच्या मातीच्या पाट्या इजिप्तमधल्या अमार्नाला आणि निनवेच्या ग्रंथालयात सापडल्या. अडापा एरिदू नगरातला, त्याने दक्षिण वाऱ्याचा पंख मोडला म्हणून वरच्या देवाने, अनूने, त्याला बोलावून घेतलं. निघताना त्याचा स्वतःचा देव एआ त्याला बजावतो की तिथे तुला मरणाची भाकर आणि मरणाचं पाणी देतील, घेऊ नकोस. अडापा शब्द पाळतो. पण अनूने पुढे केलेली असते जीवनाची भाकर आणि जीवनाचं पाणी! म्हणजे त्याने आज्ञा पाळली आणि पाळल्यामुळेच अमरपण गेलं. एआने मुद्दाम फसवलं की त्याचा अंदाज चुकला यावर अभ्यासकांत वाद आहे. आता ही कथा ज्या प्रदेशात सांगितली जात होती तिथेच उत्पत्तीचे लेखक वावरत होते, तैग्रीस आणि फरात नद्यांची नावं एदेनच्या वर्णनात सरळ आलीयत. अशा जगात देव माणसाला खरं सांगतो का, हा प्रश्न हवेतच होता. साप नेमका तोच प्रश्न टाकतो.

आणि टाकतो कसा ते बघण्यासारखं आहे. पूर्ण संवादात साप एकदाही 'खा' म्हणत नाही. तुम्ही परत वाचून बघा. तो आधी प्रश्न विचारतो, बागेतल्या कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका असं देवाने खरंच सांगितलं का? प्रश्नच खोटा आहे, एका झाडाची बंदी त्याने सगळ्या बागेवर ताणली. हव्वा त्याला दुरुस्त करते, नाही नाही, बाकीची चालतात, फक्त मधल्या झाडाचं खायचं नाही, आणि त्याला शिवायचंही नाही. हे 'शिवायचं नाही' देव बोललाच नव्हता. कुठून आलं? आज्ञा झाली तेव्हा हव्वा अजून घडवलेली नव्हती, तिला ती आदामकडूनच कळली असणार, आणि काही जुने रब्बी म्हणतात की आदामनेच सेफ्टीसाठी पदरचं जोडलं. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या बायबलवरच्या जुन्या टीकेत, यावर मस्त गोष्ट आहे, सापाने तिला धरून झाडावर ढकललं आणि म्हणाला, बघ शिवलीस ना, मेलीस का? मग खाऊनही मरायची नाहीस. खऱ्या आज्ञेभोवती घातलेलं जादाचं कुंपण पडलं आणि त्याच्याबरोबर आज्ञाही गेली. मंडळीत तरुण पोरांवर शंभर नियम लादणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी ही मिद्राश आवर्जून वाचायला देते, ते फारसे खूश होत नाहीत.

पुढे साप दुसरं वाक्य टाकतो, तुम्ही मरणार नाही, देवाला माहितेय की तुम्ही खाल्लंत की तुमचे डोळे उघडतील आणि तुम्ही देवासारखे व्हाल. इथे मोह फळाचा राहिलेलाच नाही. आता विषय आहे देवाच्या हेतूचा, तो तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतोय, तुमच्या वाढण्याला तो घाबरतो. एकदा ही शंका आत शिरली की मग झाड वेगळंच दिसायला लागतं. मजकूर म्हणतो तिने पाहिलं की ते खायला चांगलं, डोळ्यांना सुखवणारं आणि शहाणपण देणारं आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनात बागेतल्या सगळ्याच झाडांबद्दल सांगून झाल्यात! म्हणजे त्या झाडात वेगळं असं काही दिसत नव्हतं. तिसरी गोष्ट, शहाणपण, ती डोळ्यांना दिसणारी नाहीच, ती सापाच्या बोलण्यातून आली. मोहाचं इतकं काटेकोर वर्णन इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

आणि आदाम? मजकुरात स्पष्ट आहे की तो 'तिच्याबरोबर' होता. हव्वा निदान वाद घालते, दुरुस्ती करते, तपासते, विचार करते, चुकीचा का होईना निर्णय घेते. हा बाबा एक शब्द न बोलता हातात दिलेलं खातो. आणि मग शतकानुशतकं दोष कोणावर, तर बाईवर. बेन सिरा या जुन्या यहुदी लेखकाच्या पुस्तकात ते आहे, स्त्रीपासून पापाची सुरुवात झाली म्हणून, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही आहे की आदाम फसला नाही, स्त्री फसली. पण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सगळं आदामच्या खात्यावर टाकतो, हव्वेचं नावसुद्धा घेत नाही. ज्यांना सोयीचं ते वचन उचलायचं, चालू द्या.

आता तुमचा अवघड पॉइंट, बरंवाईट कळत नव्हतं तर दोष कसा. हा प्रश्न खरंच चांगला आहे आणि 'देवाने सांगितलं होतं ना, मग बास' एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बरंवाईट कळणं हे बायबलमध्ये इतरत्र कोणाबाबत म्हटलंय ते बघितलं की जरा उजेड पडतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लहान मुलांविषयी म्हटलंय की त्यांना आज बरंवाईट कळत नाही. ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय दावीद राजाला म्हणतो, मला आता कुठे बरंवाईट कळतंय, मला कशाला दरबारी नेता. आणि पहिले राजे या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, दावीदचा मुलगा शलमोन राजा झाल्यावर देवाकडे हेच मागतो, मला बरंवाईट ओळखता येऊ दे म्हणजे मी या लोकांचा न्याय करीन. म्हणजे ही आहे जाणत्या वयातली, स्वतः निवाडा करायची ताकद. आज्ञा समजण्यापुरती अक्कल लहान मुलालाही असते, कोणी काय सांगितलं, सांगणारा आपला आहे की नाही एवढं त्याला कळतं. आदाम-हव्वेला तेवढं कळत होतं, हव्वेने आज्ञा जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवलीच की.

शलमोनाचं उदाहरण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कारण देव काय करतो? खूश होतो आणि देऊन टाकतो. जे एदेनमध्ये घेतलं म्हणून बाहेर काढलं तेच इथे मागितलं म्हणून दिलं. तेव्हा ज्ञानावर देवाचा राग आहे, माणूस अडाणी राहावा अशी त्याची इच्छा आहे हा आरोप टिकत नाही, तो मुळात सापाचाच आरोप आहे. दुसऱ्या शतकात आयरेनियस नावाचा बिशप होऊन गेला, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहराचा, त्याने तर म्हटलंय की आदाम आणि हव्वा मुलांसारखी होती, अजून वाढायची होती, आणि देव त्यांना हळूहळू मोठं करणार होता. त्याच्या वाचनात घाई हा मोठा दोष आहे, वेळ येण्याआधी हिसकावून घेणं. मला आयरेनियस जवळचा वाटतो, हे उघड सांगून टाकते म्हणजे माझा कल तुम्हाला कळेल.

मरणाचं काय? 'ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील' आणि आदाम तर 930 वर्षं जगला, मग साप खरा निघाला का? दोन-तीन उत्तरं आहेत. ज्युबिलीज नावाच्या जुन्या यहुदी ग्रंथाने हिशोबच मांडलाय, देवाचा एक दिवस म्हणजे हजार वर्षं, आदामला त्यात सत्तर कमी पडली, म्हणजे त्याच 'दिवशी' मेला. हुशार आहे पण मला ओढूनताणून वाटतं. दुसरं म्हणजे आत्मिक मरण, हे चर्चमध्ये नेहमी ऐकता. तिसरं मला बरं वाटतं, हे राजाच्या शिक्षेचं बोलणं आहे. शलमोन राजा शिमी नावाच्या माणसाला यरुशलेम सोडू नकोस म्हणून असंच बजावतो, ज्या दिवशी किद्रोन ओढा ओलांडशील त्या दिवशी खात्रीने मरशील, आणि तो शहराबाहेर पडून गथ नगराला जातो, गुलामांना शोधून परत येतो, मग त्याला बोलावून शिक्षा होते. म्हणजे त्या दिवसापासून तू मरणाला पात्र. शिमीवर ती शिक्षा बजावली गेली, आदामवर त्या अर्थाने बजावली गेली नाही, उलट देव दोघांना कातड्याचे कपडे शिवून देतो आणि मग बाहेर काढतो. शाप सापाला आणि जमिनीला आहे, आदाम आणि हव्वेला शाप दिल्याचं वाक्य नाही, त्यांच्या वाट्याला कष्ट, वेदना आणि शेवटी माती येते. फरक बारीक वाटेल पण आहे.

आता सर्वज्ञपणा. देवाला आधी माहीत होतं तर माझी निवड माझी कशी. रब्बी अकिवा या जुन्या यहुदी गुरूच्या नावावर एक वाक्य आहे, सगळं आधीच पाहिलेलं आहे आणि तरी मोकळीक दिलेली आहे. बस, दोन्ही बाजू एका वाक्यात ठेवल्या आणि गाठ सोडवलीच नाही. यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस बाराव्या शतकात म्हणतो की देवाचं जाणणं आपल्या जाणण्यासारखं नाही, तेव्हा आपल्या मापाने मोजू नका, पण माणूस मोकळा आहे यात शंका घेऊ नका, नाहीतर सगळ्या आज्ञा निरर्थक होतील. सहाव्या शतकात बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ तुरुंगात, मृत्युदंडाची वाट बघत, लिहितो की देवाला आधी आणि नंतर नाहीच, त्याच्यासमोर सगळा काळ एकाच वेळी आहे, तो 'आधी' जाणत नाही, तो बघतो. बघण्याने कोणाला भाग पडत नाही.

हे उत्तर मला अर्धं पटतं. जाणणं आणि घडवणं वेगळं, मान्य. पण देव नुसता प्रेक्षक नाही ना, बाग त्याची, झाड त्याचं, साप त्याचा. जाणून निर्माण केलं त्याचं काय? 1955 साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने हा काटा नेमका टोचला, मोकळे असून नेहमी चांगलंच निवडतील अशी माणसं देवाने का नाही बनवली? त्यावर आल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं उत्तर असं की मोकळ्या माणसाने काय निवडायचं हे देव ठरवायला लागला तर ती मोकळीकच राहत नाही, आणि मोकळी माणसं असलेलं पण कधीच न चुकणारं जग देवाच्या हातात असेलच असं नाही. तर्क म्हणून हे भक्कम आहे. पण ऑगस्टीन स्वतःच म्हणतो की स्वर्गात गेलेले लोक पाप करूच शकणार नाहीत आणि तरी ते जास्त मोकळे असतील, मग ती अवस्था सुरुवातीलाच का नाही दिली? आयरेनियसकडे याला उत्तर आहे, ती अवस्था देता येत नाही, तिच्यात वाढावं लागतं. ऑगस्टीनकडे मला तितकं चांगलं उत्तर सापडत नाही. आणि गंमत बघा, त्याच पाश्चात्य चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री, वसईत आणि गोव्यातही, मेणबत्तीच्या उजेडात जे स्तोत्र म्हणतात त्यात आदामच्या अपराधाला 'धन्य अपराध' म्हटलंय, कारण त्यामुळे तारणारा मिळाला. म्हणजे सिद्धांतात जी गाठ सुटत नाही ती उपासनेत गाऊन टाकतात.

शेवटचं, आम्ही का भोगायचं. कर्माचा विचार अंगात भिनलेल्या माणसाला हे सगळ्यात जास्त खटकतं, ज्याचं कर्म त्याला, पणजोबाचं मला कसं? खरं सांगायचं तर हे बायबलमधल्या लोकांनाही खटकलं होतं. यहेज्केलाच्या काळात, बाबेलच्या बंदिवासात, एक म्हण चालू होती, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यहेज्केल अठराव्या अध्यायात म्हणतो ही म्हण बंद करा, जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाचा दोष वाहणार नाही. यहुदी धर्मात आजही जन्मजात पापाचा सिद्धांत नाही. कुराणातही आदाम विसरतो, चुकतो, पश्चात्ताप करतो आणि क्षमा मिळवतो, विषय संपला, पुढच्या पिढ्यांवर दोष नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये म्हणतात की आदामकडून मरण आणि मरणाधीन स्वभाव वारशाने आला, दोष नाही आला. दोषासकट वारसा हे मुख्यतः ऑगस्टीनचं, आणि ते त्याने भांडणाच्या भरात धारदार केलं. समोर पेलाजियस होता, जो म्हणायचा माणसाने मनावर घेतलं तर पाप न करता जगता येतं, कृपा म्हणजे आज्ञा आणि उदाहरण. ऑगस्टीनला स्वतःचा अनुभव वेगळा होता, हवं असूनही सुटत नाही असा. 418 च्या कार्थेजच्या बिशपांच्या सभेत पेलाजियसचा पक्ष हरला. पण ऑगस्टीनचं सगळंच काही चर्चने उचललं नाही, 529 साली ऑरेंजच्या सभेने कृपेशिवाय माणूस देवाकडे वळूच शकत नाही हे घेतलं आणि देवाने काहींना वाईटासाठी नेमून ठेवलंय हे साफ नाकारलं. हजार वर्षांनी विद्वान इरॅस्मस आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर यांच्यात 1524-25 ला पुन्हा तेच भांडण, इच्छा मोकळी की बांधलेली.

आपल्याकडे याचे तुकडे शेजारी शेजारी राहतात आणि लोकांना पत्ता नसतो. कॅथलिक शिकवणीत आदामच्या पतनाने माणसाची इच्छा दुबळी झाली, मेली नाही, हे ट्रेंटच्या सभेने 1540 च्या दशकात लिहून ठेवलं. कॅल्विन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या परंपरेत माणूस स्वतःहून देवाकडे वळूच शकत नाही, निवड देवाची. मेथडिस्ट म्हणतील वळण्यापुरती कृपा देव आधीच सगळ्यांना देतो, पुढे हो-नाही तुमचं. एकाच गावात दोन मंडळ्या असतात, लग्नं एकमेकांत होतात, गाणी तीच म्हणतात, आणि नवीन बाळ पापी असतं का असं विचारलं तर दोन्हीकडचे पाळक एकमेकांकडे बघतात. माझं मत विचाराल तर बाळ दोषी नसतं, पण ते अशा घरात, अशा भाषेत, अशा जगात जन्मतं जिथे एकमेकांवर ढकलणं आधीच चालू आहे, आणि ते त्याला आईच्या दुधाबरोबर मिळतं. याला वारसा म्हणा हवं तर.

ढकलणं म्हणाले कारण फ्री विल तिथे दिसतं. फळ खाल्ल्यावर देव येतो आणि पहिला प्रश्न करतो, तू कुठे आहेस? सर्वज्ञ देवाला हे माहीत नव्हतं का, असं पोरं विचारतात. माहीत होतं, प्रश्न माहितीसाठी नाहीये, उत्तर द्यायला जागा करून देण्यासाठी आहे. मग, तू खाल्लंस का? अगदी सरळ प्रश्न, हो किंवा नाही. आदाम म्हणतो, तू जी बाई दिलीस ना, तिने दिलं. एका वाक्यात बायको आणि देव दोघांवर टाकलं. हव्वा म्हणते, सापाने फसवलं. सापाला मात्र देव काही विचारतच नाही, थेट शिक्षा सुनावतो. प्रश्न फक्त माणसांना आहेत, कारण जबाब देणं त्यांना शक्य आहे. झाडापाशी एक निवड होती, ती चुकली. पण नंतर दोघांना प्रत्येकी एकेक संधी होती, 'हो, मी खाल्लं' एवढं म्हणायची, आणि ती कोणीच घेतली नाही. आपण सगळा जीव त्या फळाच्या क्षणाला लावतो आणि हा भाग प्रस्तावनेसारखा वाचून पुढे जातो.

आणि आता काइन. अध्यायांचे आकडे मध्ययुगात पडले, मूळ मजकुरात तिसरा संपला चौथा सुरू असं काही नव्हतं, गोष्ट सलग आहे. काइनाचं अर्पण मान्य होत नाही, तो चिडतो, तेव्हा देव स्वतः त्याच्याशी बोलतो, का रागावलास, पाप दाराशी टपून बसलंय, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव. आईबाप बागेबाहेर काढले गेल्यानंतरचं हे बोलणं आहे. पतनाने माणसाची इच्छा संपली असती तर हे वाक्य देव कोणाला आणि कशाला बोलला? कॅल्विनपंथी मित्र याला उत्तर देतात की आज्ञा झाली म्हणजे ताकद आहे असं होत नाही, लूथरने इरॅस्मसला हेच सुनावलं होतं, आणि ते उत्तर मी वर्गात प्रामाणिकपणे मांडते. पण मजकूर वाचताना मला त्यात ओढाताण दिसते. इथे सापही नाही, कोणी फसवणारा नाही, उलट देवच आधी येऊन सावध करतोय, आणि काइन त्या बोलण्याला काहीच उत्तर देत नाही, भावाशी, हाबेलशी, बोलतो आणि शेतात जाऊन त्याला मारून टाकतो. खून झाल्यावर पुन्हा तसाच प्रश्न, तुझा भाऊ कुठे आहे? आणि उत्तर, मी काय भावाचा राखणदार आहे का?

तुम्ही हे परत वाचणार असाल तर दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सुरू करा आणि चौथा अध्याय संपेपर्यंत थांबू नका, अर्धा तासही लागत नाही, आणि देव कुठे कुठे प्रश्न विचारतो तिथे पेन्सिलने खूण करत जा. सर्वज्ञपणावर अजून खोलात जायचं असेल तर बोएथियस आणि मायमोनिडीस यांची तुलना वेगळी लिहावी लागेल, ती इथे घुसवत नाही.